बरगडीजवळचा चेंडू

३ फेब्रुवारी ९५, सांगली
परवा आलो. पुण्याहून मुद्दाम दिवेलागणीनंतर पोचणारी एस.टी. धरली. बॅगेवर भारतीय संघाचं चिन्ह आहे, त्यावर टॉवेल टाकून बॅग सीटखाली सरकवली. स्टँडवरून रिक्षा. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं, बोलला नाही. बरं झालं.
वडिलांनी, दादांनीच दार उघडलं. ''जेवलास का?'' एवढंच. बायकोनं, शैलानं गरम पाणी काढलं. दोघांनी मॅचचं नाव घेतलं नाही. घरात कुणी आजारी असल्यासारखे हळू बोलतात.
परदेश दौऱ्यावर जाताना गल्लीत फटाके वाजवले होते. एकतिसाव्या वर्षी का होईना, सांगलीचा पोरगा टेस्ट खेळणार म्हणून.

६ फेब्रु.
बँकेत हजर. साहेबांनी काउंटरऐवजी मागं लॉकरच्या टेबलाला बसवलं. ''लोक गर्दी करतील हो.'' कुणी गर्दी केली नाही. एक-दोघांनी लांबून हात केला, जसा मयताहून आलेल्या माणसाला करतात.

७ फेब्रु.
एकदा नीट लिहून ठेवतो.
दोन टेस्ट, चार डाव. सगळे मिळून सतरा रन. इथं नऊ सीझन तिसऱ्या नंबरवर खेळलो, रणजीत दर वर्षी पाच-सहाशे. तिथं सतरा.
बॉल गुड लेंग्थवर पडला की माझा पाय आपोआप पुढं जातो. विचार करावा लागत नाही. इथं तो बॉल गुडघ्याला येतो. तिथं तोच बॉल बरगडीला. पाय पुढं अडकलेला आणि बॉल छातीशी. पहिल्यांदा ग्लोव्हला लागून शॉर्ट लेगला कॅच. दुसऱ्यांदा तसाच. आपल्याकडं फास्ट बोलर सात-आठ ओव्हरमध्ये दमतो, आणि एक टोक सोसलं की दुसऱ्या टोकाला स्पिनर असतो, सुटका होते. तिथं दुसऱ्या टोकाला पहिल्यापेक्षा उंच माणूस.
हे सगळं खरं. पण हे तंत्राचं झालं. तंत्राचं सांगताना लाज वाटत नाही.
तिसऱ्या डावात छातीवर बसला. त्यानंतर मी रन करायला उभाच नव्हतो. पुढचा कुठं बसणार, एवढंच डोक्यात. चौथ्या डावात त्यांचा बोलर धावत निघाला आणि मी लेगला सरकलो. हात मोकळे करून मारायचं म्हणून नाही. सरकलो, कारण सरकलो. तीनही स्टंप उघडे. वर तोंडही फिरवलं. बोल्ड. आवाज ऐकून कळलं.
हरलो असतो तर चाललं असतं. मी पळालो. टीव्हीवर, सगळ्या देशासमोर.

९ फेब्रु.
कॅप्टनबद्दलही लिहायला पाहिजे. पहिल्या टेस्टआधी म्हणाला होता, ''सहाव्या नंबरवर ये. बॉल जुना होऊ दे, पिच कळू दे.'' मीच म्हणालो, मी तीनवरच खेळतो. म्हणालो म्हणजे जरा फुशारकीनंच. दुसऱ्या टेस्टच्या आधी रोज सकाळी टीम यायच्या आधी मला नेटमध्ये न्यायचा, स्वतः वीस यार्डाच्या आतून बॉल फेकायचा. खांदा दुखायचा त्याचा. एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

१० फेब्रु.
शै.चे वडील आबा, यांचा साताऱ्याहून फोन. सत्कार रद्द करता येणार नाही, दौऱ्याआधीच ठरलाय, हॉल घेतलाय. म्हणालो, आबा, सत्कार कशाचा? ''अहो जावईबापू, आपल्या भागात इथवर पोचलंय कोण? रन काय, होतात, नाही होत.''
नाही म्हणता आलं नाही.

१२ फेब्रु., रात्री घरी
साताऱ्याला जाऊन आलो. जे झालं ते
हॉल भरलेला. शाल, नारळ, फेटा. फेटा बांधताना वाटलं, कुणी हसेल. कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. मग तिथले एक पुढारी बोलायला उठले. ''ह्यो आपल्या मातीतला पोरगा. मोठ्या शहरातला न्हाई, म्हणून कॅप्टननं ह्याला मुद्दाम नव्या बॉलपुढं उभा केला! बळी दिला बळी!'' टाळ्या. मी मान खाली घालून बसलो. वाटलं, आता उठून सांगावं, तीन नंबर मीच मागितला होता.
माइक हातात दिला. पहिल्या रांगेत दादा, त्यांच्या शेजारी आबा. दादांचे डोळे भरलेले.
मी म्हणालो, ''जे झालं ते झालं. सगळंच बोलता येत नाही.''
कुठून आलं हे वाक्य? आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडतानाच कळलं की याचा अर्थ काय होणार. आणि टाळ्या सुरू झाल्यावर बरं वाटलं. हे लिहायलाच पाहिजे, बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा.
येताना गाडीत कऱ्हाड गेल्यावर शै. हळूच म्हणाली, ''काय बोलता येत नाही?''
झोप लागल्यासारखं केलं.

१४ फेब्रु.
पेपरात आलं. फेट्यातला फोटो, वर तेच वाक्य ठळक अक्षरात. खाली बातमीदारानं उरलेलं स्वतःच भरलंय. ग्रामीण खेळाडूची गळचेपी, कॅप्टनचा पक्षपात.
दादांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ''खरंच तसा वागला रं त्यो?''
मी म्हणालो, ''हं.''
सभेतलं वाक्य तोंडातून निसटलं म्हणता येईल. हे ''हं'' निसटलेलं नाही.

१७ फेब्रु.
आपल्या ग्राउंडवर रणजी मॅच सुरू. आमची बॅटिंग. दिवसअखेर नाबाद १४२.

१८ फेब्रु.
१८७ वर आउट, दमून. बॉल एकदासुद्धा कमरेच्या वर आला नाही. त्यांचा फास्ट बोलर चांगला आहे, पोरसवदा, जीव तोडून टाकत होता. शेवटी कमरेवर हात ठेवून पिचकडं बघत उभा राहिला. मला त्याची दया आली आणि मी पुढच्या बॉलला चौका मारला.
लोक ओरडत होते, ''अन्याय! अन्याय!'' प्रत्येक चौक्याला.
दादा साइटस्क्रीनच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले. हे पिच त्यांचं. शाळेतली नोकरी सांभाळून वीस-बावीस वर्षं रोज पहाटे त्यांनी ते केलंय. नदीकाठची काळी माती आणायची, चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. मी लहानपणी रोलरच्या दांड्याला लोंबकळायचो. गवताची काडी ठेवत नाहीत. कुणाच्या पोराला लागायला नको म्हणतात.
पॅव्हेलियनमध्ये येऊन पाठीवर थाप मारली. ''आता कळंल त्यास्नी.''
आंघोळ करताना बराच वेळ पाणी सोडून उभा राहिलो.

२३ फेब्रु.
मार्चमध्ये तिथला तोच संघ आपल्याकडं येतोय. टेस्टच्या आधी तीन दिवसांचा सराव सामना आहे. पेपरवाले लिहितात, माझं नाव घ्यायलाच पाहिजे. पुढारी निवेदन देणार आहेत म्हणे. मला बोलावू नयेत असं वाटतं. आणि बोलावलं नाही तर

२६ फेब्रु., रविवार
तासगावला दिनकरकडं. कॉलेजात आम्ही एकत्र खेळायचो, तो बोलिंग टाकायचा. आता द्राक्षाची बाग करतो. त्याला फोनवर नुसतं म्हणालो होतो, जरा प्रॅक्टिस पाहिजे, उसळत्या बॉलची.
बेदाण्याचं नवं शेड घातलंय त्यानं. खाली सिमेंटचा कोबा गुळगुळीत झालाय. द्राक्षं वाळवायच्या जाळ्या पुढच्या आठवड्यात बांधणार, तोवर मोकळंच. कोब्यावर पाणी मारलं, टेनिसचे बॉल बादलीत भिजवले आणि दिनकर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला. तिथून खाली फेकायचे, म्हणजे साडेसात-आठ फुटी माणसानं टाकल्यासारखे. ओला बॉल सिमेंटवरून सुसाट येतो.
पहिला बॉल. मान वळली. दुसरा. वळली. भिजलेला टेनिस बॉल लागून लागून किती लागणार? तरी वळली.
दिनकर खाली उतरला. ''काय झालं रं?''
सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी शब्दात सांगितलं. भीती वाटते. बॉल सुटला की मला दिसतच नाही, मी आधीच दुसरीकडं बघत असतो.
तो हसेल वाटलं होतं. बिडी पेटवली. ''मंग त्या कॅप्टनचं काय? पेपरात वाचलं ते?''
''तसं काही नाही.''
''मंग म्हणालास कशाला?''
''मी म्हणालोच नाही तसं.''
''न म्हणता म्हणालास की गड्या.''
मग तो ट्रॉलीवर चढला. त्यानंतर दुपारपर्यंत थांबला नाही. नुसता फेकत राहिला, चांगला जोरात. खांद्यावर, दंडावर, गळ्याखाली. रागानं टाकत होता की माझ्यासाठी, कळलं नाही. शेवटी-शेवटी पाच-सहा बॉल मी नाकासमोरून जाताना बघितले. बॉलवरची ओली पांढरी रेघसुद्धा दिसली.
येताना त्याच्या बायकोनं द्राक्षाची पेटी दिली. स्कूटरला बांधताना दिनकर म्हणाला, ''लय वाईट बोललो आसंल तर सोड.''
वाईट तो बोललाच नव्हता.

२८ फेब्रु.
बँकेत फोन. साहेब धावत आले, ''अहो, कॅप्टन! स्वतः!''
सगळी बँक काम टाकून बघायला लागली. रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.
हिंदीत म्हणाला, सराव सामन्यासाठी तुझं नाव मी सांगितलंय, सिलेक्टर तयार नव्हते. त्या बोलरांना परत खेळलास तर भीती मोडेल, नाही खेळलास तर आयुष्यभर राहील. भीती हा शब्द त्यानंच वापरला, अगदी साधेपणानं, ताप म्हणावा तसा. मग म्हणाला, ''तुझ्याकडच्या पेपरात काहीतरी आलंय म्हणे. एकानं वाचून दाखवलं. तू बोलला नसशील, मला माहीत आहे. हे लोक लिहितात.''
मी म्हणालो, ''हां.''
आधी ''हं''. आता ''हां''. माझं सगळं खोटं एका अक्षराचं आहे.
जाता जाता त्यानं विचारलं, तीन की सहा? सांग सावकाश. फोन ठेवला. साहेबांनी पेढे मागवले.

१ मार्च
पहाटे ग्राउंडवर गेलो. दादा रोलर ओढून घाम पुसत बसले होते. शेजारी बसलो.
''दादा, कॅप्टननं काही केलं नाही. तीन नंबर मी मागितला होता. मी घाबरलो.''
''कशाला?''
''बॉलला.''
त्यांना कळेना. ''आरं, ल्हानपणापासनं खेळतोयस तू. हितं कवा घाबरला न्हाईस.''
''इथं बॉल उठतच नाही, दादा.''
बोलून गेलो. ते पिचकडं बघत राहिले. मग हातानं त्यावरची माती जरा सारखी केली, उगीच. आधीच सारखी होती.
''म्हंजे मी केलं ते...'' चप्पल घालून चालू लागले. रोलर तसाच मध्ये सोडून. असं त्यांनी कधी केलेलं नाही.

२ मार्च
दादा काल जेवले नाहीत. आज ग्राउंडवर गेले नाहीत. अंगणात बसून तांदूळ निवडत होते, जे ते कधी करत नाहीत.
शै.ला सगळं सांगितलं. तिला बरंचसं आधीच कळलेलं होतं. म्हणाली, ''खरं सांगितलंत ते चांगलं केलंत. पण ते दादांनाच का? ज्यांना लागणार त्यांना सांगितलंत. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना कधी सांगणार?''
ती भांडी घासायला गेली. आज भांडी जोरात वाजत होती.

५ मार्च, सातारा
आबांना सांगितलं. आधी ते चहा ढवळत राहिले. ''अहो, आता कशाला उकरून काढताय? लोक विसरले. पुढाऱ्यांना वाईट वाटेल. शिवाय तुमची निवड झालीय.'' मग जरा थांबून, ''मी तो हॉल घेतला तेव्हा मला वाटलं होतं, तुम्हाला बरं वाटेल.''
''वाटलं होतं, आबा. तेच तर.''
ते उठले, टोपी घातली आणि स्वतः मला त्या बातमीदाराकडं घेऊन गेले.
बातमीदार मोकळा माणूस. सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपणही काढलं नाही. ''म्हणजे तुम्ही घाबरलात, हे छापायचं? यात बातमी काय आहे? माझं ऐका, नका.'' मी हट्ट धरला. तीन नंबर मी मागितला. कॅप्टननं मदत केली. लेगला सरकलो ते भीतीनं. हेच शब्द लिहा म्हणालो. शेवटी लिहून घेतलं.
खाली उतरल्यावर छातीवरचं काहीतरी हललं. हलकं नाही वाटलं. हललं एवढंच.

७ मार्च
छापून आलं. आतल्या पानावर, चार ओळी. 'अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेत फलंदाजाचा मनाचा मोठेपणा'. 'भीती' हा शब्द काढून 'दडपण' घातलाय. लेगला सरकल्याचं नाहीच.
बँकेत तिघं-चौघं येऊन हात मिळवून गेले. ''काय मन आहे तुमचं! त्यानं एवढा त्रास दिला तरी पाठीशी घालताय.'' म्हणालो, अहो खरंच त्यानं त्रास दिला नाही. ''हेच, हेच! हाच मोठेपणा!''
आता काय करायचं? लाजही कुणी माझ्याकडून घेईना. दिली तर हार घालून परत करतात.

९ मार्च
कॅप्टनला एस.टी.डी. बूथवरून फोन केला. घरी नव्हता. निरोप ठेवता आला असता. ठेवला नाही.

११ मार्च
दादा आठवडाभर परत पहाटे जायला लागलेत. आज मला नुसतं म्हणाले, ''पॅड घेऊन ये. दिनकरला पण सांगितलंय.''
गेलो. मेन पिचला हात लावलेला नव्हता. कडेच्या प्रॅक्टिसच्या पिचवर गवत. हिरवं, नखभर. खाली माती घट्ट. किती पाणी मारलं, किती दाबलं, कधी केलं, मला पत्ता नाही. दादा नेटच्या मागं जाऊन उभे राहिले, हात पाठीशी.
दिनकरचं पोट सुटलेलं, तरी लांबून धावत आला. लेदरचा नवा बॉल. पहिलाच उठला. आपल्या ग्राउंडवर, सांगलीत, बॉल छातीवरून गेला. मी आ वासून बघत राहिलो. बघत राहिलो, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.
पुढं दोन खेळलो, तीन सोडले, एकाला मान वळली. त्याच्या पुढचा बरगडीत बसला. खाली बसलो, श्वास येईना. दिनकर धावत आला, ''आयला, लागलं का रं?'' दादा नेटला वळसा घालून सावकाश आले. वाकून बघितलं.
''दुखतंय?''
''हो.''
त्यांनी पिचकडं बघितलं, परत माझ्याकडं.
''उठतोय न्हवं?''
''उठतोय, दादा.''
''हं,'' म्हणाले. आणि माझ्या हाताला धरून उठवण्याऐवजी पिचवर बॉल पडला तिथं गेले, गुडघे टेकून बोटानं दाबून बघितलं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आनंद होता त्यात. आणि माझ्याकडं बघायचं टाळणंही होतं.

१३ मार्च
कॅप्टन फोनवर सापडला. साताऱ्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते मीच म्हणालो, लोक काय समजणार हे बोलतानाच कळलं होतं, टाळ्या आवडल्या. दादांना खोटं बोललो तेही. तुम्हाला ''हां'' म्हणालो तेही.
बूथवाल्याच्या मीटरचे आकडे पळत होते.
मग म्हणाला, ''हे मला सांगायला नको होतंस.'' रागावलेला नव्हता. थकल्यासारखा आवाज. ''मी सिलेक्टरांशी तुझ्यासाठी भांडलो रे.''
मी म्हणालो, माहीत आहे. नाव काढायचं असेल तर काढा.
''नाव काढायला उशीर झाला,'' तो म्हणाला. ''तीन की सहा?''
तीन म्हणालो. त्यानं बरं म्हटलं आणि ठेवून दिला.
तीन हे धैर्यानं म्हणालो की सहा म्हणायची लाज वाटली म्हणून, हे मला माहीत नाही.

१४ मार्च, सातारा स्टँड, पुण्याची गाडी
गाडी पंधरा मिनिटं थांबलीय. शै. घरीच राहिली. निघताना दादा फाटकापर्यंत आले, म्हणाले, ''डोळं उघडं ठेव.'' बॅटिंगचं की कशाचं, विचारलं नाही.
आबा स्टँडवर आले होते. खिडकीतून डबा दिला. त्यांनी त्या पुढाऱ्यांना जाऊन खरं सांगितलं म्हणे. ''काय म्हणाले?'' ''हसले. म्हणाले, तुमचे जावई फार साधे आहेत.'' आबा स्वतः हसले नाहीत. खिडकीच्या गजाला धरून थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.
आत्ता एकजण खालून ओरडला, ''साहेब, दावा त्यास्नी आता!'' ओळखलं त्यानं. दोघं-तिघं वळून बघायला लागले. मी खिडकीतून सांगणार होतो त्याला. काय सांगणार होतो? हात वर केला. तोही हात हलवत राहिला.
बरगडी अजून दुखते, गाडी खड्ड्यात गेली की जास्त. पहिला बॉल तो बोलर कुठं टाकणार हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. आता त्या वेळेला मी बघेन, की मान
ड्रायव्हर चढला. अक्षर हलायला लागलं.